बोस्टनचा डॉलर, पुण्याचा उंबरठा: पंडिता रमाबाईंच्या आश्रयगृहाला पैसा कुणी दिला आणि माणसं कुणी दिली

१८८९ सालच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात छोटीशी बातमी आली. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात काही तरुण विधवा राहतात आणि त्यांतल्या दोघींना ख्रिस्ती धर्माची ओढ लागली आहे, असा तिचा आशय होता. बातमी अमेरिकन वर्गणीदारांसाठी लिहिलेली होती. आपण दिलेला पैसा कारणी लागतो आहे, हे वाचून त्यांना बरं वाटावं, एवढाच हेतू. पण वर्तमानपत्रं समुद्र ओलांडतात. ही बातमी पुण्यात ‘केसरी’ने उचलली आणि सदन सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं तोच त्याच्याभोवती संशयाचं कुंपण पडायला सुरुवात झाली.

या प्रकरणाची मेख मला त्या बातमीत दिसते. निराधारांसाठी घर चालवायचं तर दोन प्रकारच्या माणसांचा विश्वास लागतो. एक पैसा देणारी, दुसरी आपली लेक किंवा बहीण त्या घराच्या स्वाधीन करणारी. शारदा सदनाच्या बाबतीत पहिली माणसं बोस्टनला होती आणि दुसरी पुण्या-मुंबईत. जी गोष्ट ऐकून तिकडे हात खिशाकडे जायचा, तीच ऐकून इकडे दार बंद व्हायचं. पुढच्या दहा-बारा वर्षांत हे आश्रयगृह कसकसं बदललं, हे समजून घ्यायला मला दुसरी कुठली किल्ली सापडलेली नाही.

वर्तुळं आणि वर्गण्या

रमाबाईंनी आधी इथंच हात पसरले होते. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या तेव्हा चोविशीत होत्या. पती वारले होते, कडेवर लेक मनोरमा होती. आर्य महिला समाज त्यांनी त्याच वर्षी काढला. रानड्यांसारख्या सुधारकांचा पाठिंबा मिळाला, व्याख्यानांना गर्दी झाली, पण विधवांना राहण्याचं घर काही उभं राहिलं नाही. ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्चाची सोय करून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या अँग्लिकन भगिनीसंघात राहून त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय सर्वस्वी त्यांचा होता, आणि पुढच्या सगळ्या प्रकरणावर त्याची सावली आहे.

१८८६ च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियाला पोहोचल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी. ११ मार्चला आनंदीबाई डॉक्टर झाल्या. रमाबाई थोडे दिवस राहून परतणार होत्या, पण राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. त्यांनी पूर्वेपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत अमेरिका पालथी घातली, गावोगावी व्याख्यानं दिली. १८८७ मध्ये त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. वर्षभरात सुमारे ९००० प्रती खपल्या. घर बांधायच्या निधीचा पाया या पुस्तकाने घातला. रमाबाई इथे लेखिका, प्रकाशक आणि विक्रेती अशा तिन्ही होत्या.

१३ डिसेंबर १८८७ रोजी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. अध्यक्ष होते युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक एडवर्ड एव्हरेट हेल. पदाधिकाऱ्यांत दारूबंदी चळवळीच्या फ्रान्सिस विलार्ड होत्या, एपिस्कोपल पंथाचे फिलिप्स ब्रुक्स होते. एरवी एका व्यासपीठावर क्वचित बसणारे पंथ इथे एकत्र आले होते. त्यामुळेच संस्थेच्या शाळेत कुठल्याही धर्माचा प्रचार होणार नाही, अशी भूमिका ठरली. रमाबाईंना भारतात काम करायचं होतं म्हणून हवी होती ती तटस्थता, आणि देणगीदारांना आपापसांत भांडण नको म्हणून हवी होती तीही तटस्थताच. दोन वेगळ्या गरजा एका शब्दाखाली झाकल्या गेल्या. करार करताना हे सोयीचं असतं, निस्तरताना नाही.

पैसा गोळा करण्याची पद्धत मात्र मनापासून कौतुक करावं अशी होती. गावागावांत ‘रमाबाई सर्कल’ म्हणजे वर्गणीदारांची छोटी मंडळं निघाली. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा आणि तो दहा वर्षं देत राहायचं. तेव्हाचा डॉलर म्हणजे ढोबळमानाने तीन रुपये, म्हणजे महिन्याला चार आणे. या मंडळांत मुख्यतः मध्यमवर्गीय बायका होत्या, चर्चमध्ये जाणाऱ्या, घरखर्चातून डॉलर बाजूला काढणाऱ्या. त्यांच्यासाठी दरवर्षी छापील अहवाल निघायचा आणि त्यात जमाखर्च असायचा. एखाद्या धनिकाने एकरकमी मोठी देणगी दिली की त्याची मर्जी सांभाळावी लागते. हजारो जणींनी एकेक डॉलर दिला तर कुणा एकीची मर्जी चालत नाही, आणि दहा जणी गळाल्या तरी घर कोसळत नाही. निवारागृहांसाठी देणगीपत्रकं लिहिण्याचं काम ज्याने केलं आहे त्याला दहा वर्षांच्या लेखी वचनाची किंमत वेगळी सांगायला नको. पुढच्या महिन्याचं धान्य कुठून आणायचं, हा घोर त्या वचनाने मिटतो.

त्या वचनाला एक टोकही होतं. दहा वर्षं संपली की काय? तोवर इथला समाज भार उचलील, अशी आशा होती.

जिची कहाणी विकली गेली ती

आता थोडं आडवळणाने जातो, कारण हे बाजूला ठेवून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. अमेरिकेत पैसा उभा राहिला तो बालविधवेच्या हालांच्या वर्णनावर. केशवपन, एकवेळचं जेवण, अपशकुनी म्हणून मिळणारी वागणूक. यातलं काहीही खोटं नव्हतं. रमाबाई स्वतः विधवा होत्या आणि त्यांनी देशभर पायी फिरून हे डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तेच तेच चित्र मंडळामंडळांतून फिरू लागलं की त्यातली माणसं पुसली जातात आणि उरतात ती फक्त हालअपेष्टा. स्वामी विवेकानंद १८९५ च्या सुमारास ब्रुकलिनला होते तेव्हा तिथल्या रमाबाई मंडळाशी त्यांची जाहीर खडाजंगी झाली ती याच मुद्द्यावर. विधवांना मालमत्तेचे हक्क आहेत, सगळीकडे असा छळ होत नाही, असं ते म्हणत. मंडळातल्या बायका आपल्याकडची वर्णनं पुढे करत. मला दोन्ही बाजूंचं दुखणं कळतं. परक्या सभेत आपल्या समाजाची लक्तरं दाखवली की वेदना होते. पण लक्तरं अंगावर असलेल्या बाईला ती कुणी दाखवली यापेक्षा तिला पातळ कुणी दिलं हे महत्त्वाचं असतं.

पण पत्रकांतल्या चित्रात न बसणारी एक मुलगी या प्रकरणात आहे, ती म्हणजे गोदूबाई नातू. देवरुखच्या जोश्यांची ही लेक लहानपणीच विधवा झाली. तिला मुंबईत शारदा सदनात आणलं ते तिच्या थोरल्या भावाने, नरहरपंतांनी. सदनात दाखल झालेली ती पहिली विधवा. म्हणजे या घराचं दार पहिल्यांदा वाजवलं ते छळणाऱ्या कुटुंबातून पळालेल्या मुलीने नव्हे, तर बहिणीचं भलं चिंतणाऱ्या भावाने. अशा भावांवरच सदन उभं होतं. त्यांचा विश्वास ही सदनाची खरी स्थानिक वर्गणी होती, आणि ती कुठल्याच अहवालाच्या जमेच्या रकान्यात मांडली गेली नाही.

१८९३

शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ उघडलं. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्याच दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. आनंदीबाई मात्र तोवर हयात नव्हत्या. मुंबईचा खर्च परवडेना म्हणून १८९० च्या नोव्हेंबरात सदन पुण्याला हललं. सल्लागार मंडळावर रानडे होते, रा. गो. भांडारकर होते. सदनात मुलींना आपापले जातिनियम पाळायची मुभा होती आणि सोवळ्या-ओवळ्याची सोय सांभाळली जायची. ग्रंथालयात हिंदू धर्मग्रंथांशेजारी बायबलही होतं.

रमाबाईंची रोजची प्रार्थना त्यांच्या स्वतःच्या खोलीत चालायची आणि खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंचं म्हणणं साधं होतं: मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या घरात मी माझ्या देवाची प्रार्थना करताना दार का लावून घेऊ? हिंदू घरातली आई देवपूजा करते तेव्हा पोरं येऊन बसतात, तसंच हे. त्यांच्या बाजूने पाहिलं तर यात खोट नाही. ज्या बाईने स्वतःच्या श्रद्धेसाठी आप्तस्वकीयांचा रोष पत्करला, तिला घरातल्या घरात लपून प्रार्थना करायला सांगणं क्रूरपणाचं आहे.

पण त्या भावांच्या आणि वडिलांच्या बाजूनेही पाहायला हवं. सदनात आलेली मुलगी दुसरा आसरा नसलेली होती. जिच्या हातचं ती खाते, जी तिला शिकवते, जिने तिला पहिल्यांदा मायेने जवळ घेतलं, ती बाई दार उघडं ठेवून प्रार्थना करते. अशा मुलीच्या ‘स्वेच्छे’ची मोजदाद कशी करायची? रमाबाईंनी सक्ती केली असं मी म्हणत नाही. केली नाही याबद्दल मला शंका नाही. पण उपकाराचं ओझं सक्तीपेक्षा हलकं असतंच असं नाही, आणि तेही एका अनाथपण सोसलेल्या मुलीवर. पुण्याच्या पालकांना बोस्टनच्या करारातली ‘तटस्थता’ हा शब्द तेवढा दिसत होता. त्या शब्दात उघडं दार बसतं की नाही, हे कुणीच आधी ठरवलं नव्हतं.

१३ ऑगस्ट १८९३ रोजी रानडे, भांडारकर आणि इतर सल्लागारांनी राजीनाम्याचं पत्र बोस्टनला धाडलं. सदन उघडपणे धर्मांतराची संस्था म्हणून चालणार असेल तर आमचा तिच्याशी संबंध नाही, असं त्यात होतं. पंचवीसएक मुलींना त्यांच्या पालकांनी घरी नेलं. हे राजीनामे देणारे सनातनी नव्हते, सुधारक होते. सदनाच्या बाजूने शेवटपर्यंत शब्द टाकू शकणारी तीच माणसं होती. म्हणून हा घाव मला ‘केसरी’तल्या टीकेहून खोल वाटतो.

बोस्टनचे डॉलर मात्र येतच राहिले. असोसिएशन रमाबाईंच्या पाठीशी राहिलं, वर्गण्या चुकल्या नाहीत. हिशेबाच्या वहीत पाहिलं तर १८९३ साली काही बिघडलंच नाही असं वाटावं.

शंभर एकर आणि पंधराचा वर्ग

दहा वर्षांची मुदत १८९८ ला संपणार, हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्यांनी पुण्याहून पन्नासएक किलोमीटरवर, सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेलगत केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळबाग लावायची, विहिरी खणायच्या आणि उत्पन्नावर सदन चालवायचं, हा बेत. वर्गणी आटली तरी झाडं आटत नाहीत, असा सरळ शेतकरी हिशेब त्यामागे होता.

याच सुमारास त्या जॉर्ज म्युलर आणि हडसन टेलर यांची चरित्रं वाचत होत्या. म्युलरने इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला हजारो अनाथ मुलं सांभाळली ती कुणाकडेही थेट पैसे न मागता, केवळ देवाला गरज सांगून, अशी त्याची ख्याती होती. रमाबाईंच्या मनात हे घर करून बसलं. १८९६ मध्ये लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींचं शिबिर भरलं, तिथे त्या आपल्या पंधरा ख्रिस्ती मुलींना घेऊन गेल्या होत्या. पुढच्या शिबिरापर्यंत या पंधरांचा वर्ग होऊ दे, म्हणजे दोनशे पंचवीस होऊ देत, अशी प्रार्थना त्यांनी केली. एवढ्यांना ठेवायला घर नव्हतं, खाऊ घालायला पैसा नव्हता.

त्याच वर्षी पाऊस गेला.

१८९६-९७ च्या दुष्काळाने मध्य प्रांत होरपळला. इथे रमाबाईंच्या आयुष्यातली एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि पाठोपाठ थोरली बहीण, अशी तिघं गेली. पुराण सांगत फिरणारं, कुणाकडे हात पसरायचा नाही असं व्रत असलेलं हे ब्राह्मण कुटुंब रानफळांवर आणि पाल्यावर दिवस काढत संपलं. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. जबलपूरकडच्या रस्त्यांवर हाडांचे सापळे झालेल्या मुली त्यांनी पाहिल्या तेव्हा त्या काय पाहत होत्या, याची कल्पना करता येते. त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बायका उचलून आणल्या. पुण्यात प्लेग होता, सरकारी निर्बंध होते. म्हणून या सगळ्यांना केडगावच्या मोकळ्या रानात तंबूंत आणि गवताच्या झोपड्यांत ठेवलं. फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर वस्ती वसली. तिचं नाव मुक्ती.

आता पैशाची बाजू पाहू. बोस्टनचा करार उच्चवर्णीय बालविधवांच्या शिक्षणासाठी होता. या मुलींत सगळ्या जाती होत्या. विधवा होत्या, कुमारिका होत्या, चुकीच्या हाती सापडून सुटलेल्याही होत्या. करारातल्या शब्दांत त्या बसत नव्हत्या. आणखी एक गोष्ट त्यांच्याजवळ नव्हती, ती म्हणजे पालक. जबलपूरच्या रस्त्यावरून आणलेल्या मुलीला परत न्यायला कुणी भाऊ येणार नव्हता. पुण्याच्या दाराची परवानगी ज्या घराला लागत होती, त्याला आता ती लागेनाशी झाली.

१८९८ च्या सुरुवातीला रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या. दहा वर्षं भरल्यामुळे जुनं असोसिएशन विसर्जित झालं आणि ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ या नावाने नवं उभं राहिलं. त्यात तटस्थतेची अट राहिली नाही. देणाऱ्यांचा पोतही हळूहळू बदलला. उदारमतवादी पंथांच्या जागी प्रार्थनेवर आणि तारणावर भर देणारी मंडळी पुढे आली. पैशाने संस्थेला बदललं की बदललेल्या संस्थेने नवा पैसा शोधला, असं विचारलं तर माझं उत्तर असं: दोन्हींच्या आधी १८९३ मध्ये मागचा पूल पडलेला होता.

दोन हजार पानं

१९०० च्या दुष्काळात, ज्याला विक्रम संवत १९५६ वरून छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, गुजरातेतून आणखी हजारांवर मुली आल्या आणि केडगावला जवळपास दोन हजार माणसं झाली. दोन हजार माणसांचा रोजचा स्वयंपाक म्हणजे काय, हे ज्याने मोठी पंगत उठवली आहे त्याने डोळ्यांसमोर आणावं. आणि ही पंगत रोज दोन वेळा, पाहुणे तेच. पाणी हा सगळ्यांत मोठा प्रश्न होता. दुष्काळातच विहिरी खोल कराव्या लागल्या, नव्या खणाव्या लागल्या.

इथे काम हाच निधीचा दुसरा स्रोत झाला. शेती, गोठा, माग, शिवण, तेलाचा घाणा, पुढे छापखाना. मुली दळत, विणत, छपाईचे खिळे जुळवत. भरकटलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं, वृद्ध-अपंगांसाठी प्रीती सदन, अंध मुलींसाठी बार्तिमी सदन. त्यांना मनोरमाबाई ब्रेल शिकवत. हे नुसतं आश्रयगृह राहिलं नाही, बायकांनी चालवलेलं गाव झालं. सगळा खर्च यातून निघत होता असं मात्र नाही. देणग्या लागतच होत्या आणि त्या अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाकडून टपालाने येत. ‘मुक्ती प्रेअर बेल’ नावाचं इंग्रजी वार्तापत्र परदेशी मित्रांकडे जाऊ लागलं. त्यात पैशांची याचना नसे. काय घडलं आणि कशासाठी प्रार्थना करावी एवढंच असे. १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात रमाबाई सांगतात की दीड हजारांवर माणसं इथं राहतात, बँकेत खातं नाही, कायम निधी नाही, रोजच्या गरजेपलीकडे एक पैसाही शिल्लक नाही.

हे वाचून भाविकाला गहिवर येईल आणि हिशेबनिसाला घाम फुटेल. मला दोन्ही होतं. न मागता मिळतं, ही रमाबाईंची खरीखुरी श्रद्धा होती आणि तिच्यावर त्यांनी दोन हजार जीव जगवले. ते नाकारणारा मी कोण? पण न मागणाऱ्याची गरजही कुणाला तरी कळावी लागते. वीस वर्षांची व्याख्यानं, पुस्तकं, अहवाल आणि अमेरिकेतल्या गावागावांत ओळखीचं झालेलं एक नाव, ही शिदोरी त्या टपालामागे होती. म्युलरचा मार्ग कुणा नवख्याला उद्या सकाळी धरता येत नाही.

त्या काळच्या अमेरिकन दानाचा पल्ला सांगायला एक गोष्ट नोंदवतो. न्यूयॉर्कच्या बोअरी या वस्तीतलं बेघरांचं ख्रिस्ती आश्रयस्थान, बोअरी मिशन, १८९५ पासून ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाच्या लुई क्लॉप्श यांच्या हाती होतं. त्याच साप्ताहिकाने वाचकांकडून निधी जमवून १९०० च्या दुष्काळात मदत केली आणि मक्याने भरलेलं ‘क्विटो’ जहाज मुंबईला आलं. आपल्या शहरात रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाला भाकरी आणि मुंबईच्या बंदरात मका, दोन्ही एकाच अंकाच्या वाचकांच्या खिशातून. आकार लहान आणि संख्या मोठी, ही रमाबाई मंडळांचीच रीत.

आता कडू भाग. दुष्काळात उचललेल्या मुली बहुतांश ख्रिस्ती झाल्या. त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांनी यावर कडक लिहिलं. मी त्या टीकेकडे दुर्लक्ष करत नाही. भुकेल्या मुलीचा होकार पुरा होकार नसतो, हे वर शारदा सदनाबद्दल म्हटलं ते मुक्तीला दुपटीने लागू आहे. पण टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी गवताच्या झोपड्या बांधून त्या मुलींना आणलं? सुधारकांनी सदनावरचा हात काढून घेतला तेव्हा त्यांनी संस्थेला शिक्षा केली असं त्यांना वाटलं असेल. प्रत्यक्षात त्यांनी त्या घरातला आपला आवाज काढून घेतला. मुक्तीच्या सल्लागारांत एखादा रानडे असता तर उघड्या दाराबद्दल, वयाबद्दल, होकाराबद्दल कुणीतरी आतून प्रश्न विचारत राहिलं असतं.

हिंगण्याची झोपडी

गोदूबाई नातूंचं पुढे काय झालं? ११ मार्च १८९३ रोजी त्यांचा पुनर्विवाह झाला, नरहरपंतांचे मित्र धोंडो केशव कर्वे यांच्याशी. त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. शारदा सदनातली पडझड कर्व्यांनी जवळून पाहिली आणि १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पुण्याच्या समाजाला आपला वाटेल, असा. सुरुवातीचे हजार रुपये स्वतःच्या बचतीतले. १९०० मध्ये रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन दिली आणि तिथे झोपडी उभी राहिली. कर्वे फर्ग्युसनमध्ये शिकवून रोज पायी हिंगण्याला जायचे आणि सुटीत गावोगाव फिरून रुपया-दोन रुपये जमवायचे.

इथला पैसा बिनशर्त होता असं समजायचं कारण नाही. स्वतः पुनर्विवाह केलेल्या कर्व्यांनी आश्रमाला पुनर्विवाहाच्या कामापासून कटाक्षाने दूर ठेवलं, नाहीतर पालकांनी मुली पाठवल्या नसत्या आणि वर्गणीदारांनी रुपये दिले नसते. आश्रमात बराच काळ मुख्यतः ब्राह्मण विधवाच राहिल्या. बोस्टनच्या डॉलरला अट होती तशी पुण्याच्या रुपयालाही होती. फरक असा की रुपया देणारा आणि मुलगी पाठवणारा बहुधा एकाच आळीत राहत होता. त्यामुळे आश्रमाची गोष्ट एकाच भाषेत, एकदाच सांगून भागत होतं. जबलपूरच्या रस्त्यावरची मुलगी मात्र या आळीत कुणाचीच कुणी नव्हती. ती केडगावला गेली.

गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा. ती हिंगण्याच्या आश्रमात शिकली आणि आश्रमासाठी वर्गणी गोळा करण्याचं काम तिने अंगावर घेतलं. १९१८ मध्ये, पन्नाशी जवळ आली असताना, तोडकंमोडकं इंग्रजी घेऊन ती अमेरिकेला गेली. परक्या घरांत घरकाम करून पोट भरलं, भाषा शिकली, सभांतून बोलली आणि आश्रमासाठी डॉलर जमवून १९२० मध्ये परतली. रमाबाई तेव्हा केडगावला होत्या. वय बासष्ट, कानांनी ऐकू येत नव्हतं, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवण्याचं काम चाललं होतं, आणि खिळे जुळवायला दुष्काळातल्या मुली होत्या.